'नेट नाही' म्हणू नका, कुठे अडले ते सांगा

लॅपटॉपवरच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये (व्हीएममध्ये) इंटरनेट बंद पडले की आपल्याकडे बहुधा दोनच उपाय सुचवले जातात. मशीन उडवून पुन्हा टाक, नाहीतर नेटवर्क 'ब्रिज्ड' करून बघ. पहिला उपाय म्हणजे आळस आणि दुसरा म्हणजे अंदाज. अभियांत्रिकीच्या चार वर्षांत आपण मुलांच्या अंगी हा आळस आणि हा अंदाज पद्धतशीरपणे मुरवतो, असा माझा आरोप आहे. तो मुलांवर नाही. प्रयोगशाळेत उभे राहून हेच उपाय सांगणाऱ्यांवर आहे, आणि बिघाड शोधता न येणाऱ्या मुलालाही पैकीच्या पैकी गुण देणारी परीक्षा रचणाऱ्यांवर आहे.

मी नागपुरात नेटवर्कचे काम करतो आणि मुलांना शिकवतोही. हिंगणा रोड, वानाडोंगरी, काटोल रोड, बुटीबोरी, थेट रामटेकपर्यंत अभियांत्रिकीची महाविद्यालये पसरली आहेत. त्यांत शिकणारी बाहेरगावची मुले त्रिमूर्तीनगर, प्रतापनगर भागांत खोल्या करून राहतात. बर्डीच्या बाजारातून घेतलेला लॅपटॉप, त्यात व्हर्च्युअल मशीन चालवणारे व्हर्च्युअलबॉक्स, त्याच्या आत उबुंटू किंवा काली लिनक्स, आणि नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून, अशी त्यांची सगळी मांडणी. ती बंद पडली की माझ्याकडे एकच वाक्य येते : "सर, व्हीएममध्ये नेट नाही येऊन राहिलं." मी विचारतो, आतल्या लिनक्सला पत्ता मिळाला का? गप्प. गेटवेपर्यंत पोहोचते का? गप्प. आकड्याने जाते आणि नावाने जात नाही, असे तर नाही ना? पुन्हा गप्प. याच मुलाने आदल्या सत्रात नेटवर्कच्या ओएसआय रचनेचे सात थर न चुकता लिहून गुण मिळवलेले असतात. सात थर पाठ असलेल्या मुलाला आपला बिघाड त्यांपैकी कोणत्या थरात आहे हे सांगता येत नसेल, तर त्याला शिकवले काय, हा प्रश्न मी त्याला नाही, त्याच्या विभागप्रमुखांना विचारतो.

'नेट नाही' ही तक्रार आहे, निदान नव्हे. निदान करायचे तर आधी वाट माहीत हवी. व्हर्च्युअल मशीन म्हणजे संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक. त्याचे नेटवर्क कार्ड सॉफ्टवेअरने उभे केलेले असते. व्हर्च्युअलबॉक्समध्ये काहीही न बदलता मशीन तयार केले तर त्याला 'नॅट' जोडणी मिळते. आतल्या लिनक्सला १०.०.२.१५ हा पत्ता दिला जातो आणि त्याचा गेटवे १०.०.२.२ असतो. हा पत्ता घरच्या राउटरला ठाऊकच नसतो. आतून निघालेली प्रत्येक विनंती व्हर्च्युअलबॉक्स लॅपटॉपच्या नावाने बाहेर पाठवतो आणि आलेले उत्तर आत पोहोचवतो. म्हणजे पत्त्याची पहिली अदलाबदल लॅपटॉपच्या पोटातच झाली. दुसरी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर होते. त्यापुढे मोबाइल कंपनीही बहुधा अनेक ग्राहकांसाठी मिळून एकच बाहेरचा पत्ता वापरते. कंपन्यांच्या या सामायिक व्यवस्थेसाठी २०१२ साली १००.६४ ने सुरू होणारी पत्त्यांची एक स्वतंत्र पट्टी राखून ठेवली गेली आहे. खोलीत बसलेल्या मुलाच्या लिनक्समधून निघालेली विनंती अशा तीन अदलाबदली पार करून जगात जाते.

ही वाट एकदा समजली की पुष्कळ 'चमत्कार' आपोआप संपतात. व्हीएममध्ये उभी केलेली वेबसाइट मित्राच्या मोबाइलवर का उघडत नाही? कारण बाहेरून आत यायला रस्ताच नाही; लॅपटॉपपुरता तो पोर्ट फॉरवर्डिंगने मुद्दाम उघडावा लागतो, आणि मोबाइल कंपनीच्या पलीकडून तर तो आपल्या हातातच नाही. दोन व्हीएम एकमेकांना का दिसत नाहीत? कारण साध्या नॅटमध्ये दोघांनाही तोच १०.०.२.१५ पत्ता मिळालेला असतो आणि दोघे आपापल्या वेगळ्या खोक्यात बंद असतात. त्यांना बोलू द्यायचे तर 'नॅट नेटवर्क' हा वेगळा पर्याय निवडावा लागतो. हे तासाभरात शिकवून होते. तरी शिकवले जात नाही, कारण हे परीक्षेत विचारले जात नाही.

शोधाचा क्रमही काही गुप्त विद्या नाही. प्रथम लॅपटॉपवर नेट आहे का ते पाहा. ते नसेल तर व्हीएमला दोष देण्यात अर्थ नाही. मग मशीनच्या सेटिंगमध्ये 'केबल कनेक्टेड' या खुणेच्या चौकोनात टिक आहे का ते पाहा. कधी ती निघालेली असते आणि मुले तासन्‌तास लिनक्स खोदत बसतात. मग आत जाऊन 'आयपी ए' ही आज्ञा द्या आणि पत्ता वाचा. पत्ताच नसेल तर कार्ड जागे झालेले नाही किंवा त्याला कुणी पत्ता दिलेलाच नाही. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता असेल तर पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीकडून उत्तर आलेले नाही आणि यंत्राने स्वतःच एक पत्ता लावून घेतला आहे. पत्ता बरोबर असेल तर 'आयपी आर' देऊन बाहेरची वाट नोंदलेली आहे का ते पाहा आणि गेटवेला पिंग करा, म्हणजे हाक मारून उत्तर येते का ते पाहा. तेही जमले तर ८.८.८.८ सारख्या आकडी पत्त्याला करा. आकड्याला उत्तर येते आणि नावाला येत नाही, तर दोष नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या डीएनएसचा. नावालाही उत्तर येते आणि तरी ब्राउझर उघडत नाही, तर दोष त्याच्याही वर आहे : प्रॉक्सी, घड्याळ, किंवा समोरचा सर्व्हर.

पिंगची आज्ञा माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकी लष्कराच्या एका संशोधन प्रयोगशाळेत काम करताना लिहिली, आणि तीही जाळ्यातल्या एका विचित्र वागण्याचा माग काढण्यासाठी. आपली प्रयोगवही त्या आज्ञेची 'वाक्यरचना' आणि 'उद्देश' लिहून घेते, चित्र चिकटवून घेते, सही करते आणि मिटते. पिंगला उत्तर आले नाही तर त्याचा अर्थ काय, हे त्या वहीत कुठेच नसते. उत्तर न येण्याचेही अनेक अर्थ असतात. अनेक कॅम्पसचे फायरवॉल बाहेर जाणारे पिंग अडवतात, म्हणून पिंग बंद आणि ब्राउझर चालू असेही होते. तिथे 'कर्ल'ने एखादे पान मागवूनच खात्री करावी लागते. साधनाची मर्यादा न सांगता साधन हाती देणे हे अर्धवट शिकवणे आहे.

आता त्या दोन उपायांकडे. नळाला पाणी आले नाही तर आपण मोटर पाहतो, टाकी पाहतो, व्हॉल्व्ह पाहतो. घर पाडून पुन्हा बांधत नाही. व्हीएमच्या बाबतीत मात्र घर पाडणे हाच पहिला सल्ला असतो. हॉटस्पॉटचा तुटपुंजा डेटा घालवून मुलगा काही जीबींची फाईल पुन्हा उतरवतो, रात्र घालवतो, पुन्हा तेच दुखणे येते. आलेच पाहिजे, कारण दुखणे बहुतेक वेळा आतल्या लिनक्समध्ये नसतेच. ते लॅपटॉपवरच्या व्हीपीएनमध्ये असते, वायफायच्या लॉगिन पानात असते, निवडलेल्या जोडणीच्या प्रकारात असते. पुन्हा टाकल्यावर कधी नेट सुरू होते, तेव्हा तर जास्त नुकसान होते. बिघाड काय होता हे कायमचे झाकले जाते आणि मुलगा 'असेच करायचे असते' एवढाच धडा घेतो.

दुसरा सल्ला ब्रिज्डचा. ब्रिज्डमध्ये व्हीएम लॅपटॉपच्या आड न राहता नेटवर्कवर स्वतंत्र यंत्र म्हणून उभे राहते. घरच्या राउटरला केबल लावली असेल तर हे सहसा सुरळीत चालते. पण हल्लीच्या पातळ लॅपटॉपना केबलचे भोकच नसते; सगळा कारभार वायफायवर. वायफायचा ॲक्सेस पॉइंट त्याच कार्डाकडून डेटा घेतो ज्याने रीतसर जोडणी केली आहे. व्हीएमच्या कार्डाचा मॅक पत्ता, म्हणजे त्याची स्वतःची ओळख, निराळा; म्हणून व्हर्च्युअलबॉक्सला बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पाकिटावर लॅपटॉपच्या कार्डाचा मॅक पत्ता लावावा लागतो. हे कुठे चालते, कुठे अडते. वसतिगृहाच्या नेटवर्कवर मॅकची नोंद, लॉगिन पान किंवा प्रत्येक पोर्टला एकच यंत्र असे बंधन असेल, तर ब्रिज्ड मशीनला दारातच अडवले जाते. तिथे नॅट चालले असते, कारण लॅपटॉपने आधीच लॉगिन केलेले असते. याचा अर्थ चालू असलेली जोडणी मोडून बंद पडणारी जोडणी लावण्याचा सल्ला दिला गेला, आणि देणाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता.

ब्रिज्ड मशीनचे आणखी एक दुखणे आहे. लॅपटॉपचे झाकण मिटून महाविद्यालयातून खोलीवर आले, की आतले लिनक्स तिथल्याच नेटवर्कचा पत्ता धरून बसलेले असते. खोलीतल्या हॉटस्पॉटची पत्त्यांची पट्टी वेगळी. नेट बंद. उपाय एका ओळीचा : पत्ता सोडून नवा मागून घ्या, किंवा जोडणी बंद करून चालू करा. त्यासाठी अख्खे मशीन उडवले जाते.

याहून गंभीर गोष्ट सुरक्षेची आहे. सायबर सुरक्षेच्या नावाखाली मुले काली लिनक्स आणि त्याच्या जोडीला मेटास्प्लॉइटेबल टाकतात. मेटास्प्लॉइटेबल हे मुद्दाम भोके ठेवून बनवलेले मशीन आहे. ते अविश्वासू नेटवर्कवर उघडे टाकू नका, नॅट किंवा होस्ट-ओन्ली (फक्त लॅपटॉपपुरत्या) जोडणीतच ठेवा, असे ते बनवणारेच बजावतात. आणि आपल्याकडे 'नेट येत नाही ना, मग ब्रिज्ड कर' असा सल्ला देऊन तेच मशीन अख्ख्या वसतिगृहाच्या वायफायवर उघडे केले जाते. सुरक्षेचा विषय शिकवताना असा सल्ला देणारा शिक्षक बेजबाबदार आहे. याला मी दुसरा शब्द वापरणार नाही.

कधी कधी एक तिसरा सल्लाही दिला जातो, त्याचीही खोड मोडायला हवी : फायरवॉल बंद कर आणि 'रिझॉल्व्ह कॉन्फ' या फाईलमध्ये ८.८.८.८ लिहून टाक. हल्लीच्या उबुंटूत ही फाईल सिस्टिमडी-रिझॉल्व्हड ही सेवा सांभाळते. हाताने लिहिलेली ओळ थोड्या वेळाने किंवा पुन्हा सुरू केल्यावर पुसली जाते. मग मुलगा म्हणतो, काल चालत होते, आज नाही. शिवाय ज्या कॅम्पसमध्ये बाहेरच्या डीएनएसला मनाई आहे तिथे ही ओळ लिहिली की चालू असलेले नेटही बंद पडते. सल्ला देणाऱ्याने यातले काहीच तपासलेले नसते. त्याला कुणीतरी सांगितले, त्याने पुढे सांगितले.

काही बिघाड तर नेटचे नसतातच. अनेक प्रयोगशाळांच्या वह्यांत अजून सेंटओएस ७ आहे. त्याची मुदत ३० जून २०२४ रोजी संपली आणि पॅकेजेसची यादी देणारा त्याचा सर्व्हरही बंद झाला. आता 'यम'ने काही मागवले की 'होस्ट सापडत नाही' असा संदेश येतो. तो वाचून मुलगा डीएनएस बदलत बसतो, शिक्षक राउटर बंद-चालू करतात. नेट सुरळीत असते. ज्या नावाचा पत्ता विचारला ते नावच उरलेले नाही. दुसरे उदाहरण घड्याळाचे. मशीनचा जुना स्नॅपशॉट, म्हणजे जतन केलेली जुनी अवस्था, उघडला की आतले घड्याळ कधी कधी जुन्याच तारखेवर राहते. मग सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे 'अजून वैध झालेली नाहीत' असे ब्राउझर म्हणतो आणि पॅकेजेस आणणारी 'एपीटी'ही तशीच कुरकुर करते. 'डेट' ही चार अक्षरी आज्ञा दिली असती तर उत्तर समोर होते. तिसरे उदाहरण प्रॉक्सीचे. टर्मिनलमध्ये प्रॉक्सी लावली, 'कर्ल' चालले, पण 'सुडो' लावून 'एपीटी' चालवली की बंद, कारण 'सुडो' बहुतेक पर्यावरण-चले पुसून पुढे जातो. 'एपीटी'ला तिची प्रॉक्सी वेगळी सांगावी लागते. या तिन्ही ठिकाणी पडद्यावर संदेश लिहून आलेला असतो. तो न वाचता खिडकी बंद करायची सवय मुलांना लागली आहे, आणि ती मोडण्याऐवजी आपण स्वतः संदेश न वाचता सल्ले देतो.

महाविद्यालयांची जबाबदारी इथे टाळता येणार नाही. प्रयोगवहीत अजून 'आयएफकॉन्फिग ईटीएच०' असे छापलेले असते. नव्या उबुंटूत 'आयएफकॉन्फिग' मुळात बसवलेलेच नसते, आणि व्हर्च्युअलबॉक्समधल्या कार्डाचे नाव बहुधा 'ईएनपी०एस३' असते, व्हीएमवेअरमध्ये 'ईएनएस३३'. कार्डांना नावे देण्याची ही पद्धत २०१३ पासून आली. तेव्हा शाळेत पाऊल ठेवणारी मुले आता महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर आहेत आणि वही तीच आहे. 'कमांड नॉट फाउंड' आले की मुलाला वाटते आपलेच चुकले. चूक वहीची आहे, आणि वर्षानुवर्षे ती वही छापखान्यात पाठवणाऱ्यांची आहे.

प्रयोगशाळेत आणखी एक अनागोंदी चालते. एकाने तयार केलेल्या व्हीएमचा अख्खा फोल्डर पेन ड्राइव्हवरून वर्गभर वाटला जातो. त्याबरोबर मॅक पत्ताही जातो. ही सगळी मशीने ब्रिज्ड करून एकाच नेटवर्कवर उघडली की एकाच ओळखीची अनेक यंत्रे उभी राहतात, आणि एकाचे नेट चालू झाले की दुसऱ्याचे जाते. मॅक बदलला तरी काही वेळा सुटका नसते. उबुंटू सर्व्हरच्या प्रतींमध्ये 'मशीन-आयडी' तोच राहिला तर डीएचसीपी पुन्हा त्यांना एकच पत्ता देऊ शकतो. क्लोन करताना नवा मॅक तयार करण्याचा पर्याय व्हर्च्युअलबॉक्स स्वतःच विचारतो. पण क्लोन करायचे कोण सांगणार? सबमिशनची तारीख आली की फोल्डर वाटणे सोपे पडते.

आणि माहिती दडवण्याची ही कोणती रीत? एका महाविद्यालयात मी मुलांसाठी प्रॉक्सीचा पत्ता आणि पोर्ट विचारला, तर 'सुरक्षेच्या कारणामुळे सांगता येत नाही' असे उत्तर मिळाले. तोच पत्ता त्याच प्रयोगशाळेतल्या प्रत्येक संगणकाच्या ब्राउझरच्या सेटिंगमध्ये लिहिलेला होता. हे सुरक्षा सांभाळणे नव्हे. मुलांना अडवून आपले महत्त्व राखणे आहे.

कुणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीसाठी एवढा संताप कशाला? एवढ्याशा नाही. व्हर्च्युअल मशीन ही महाविद्यालयीन खेळणी उरलेली नाहीत. ॲमेझॉनची ईसी-२ सेवा २००६ साली आली, तिचे मुंबईतले केंद्र २०१६ साली सुरू झाले, आणि तिथे भाड्याने मिळते ते व्हर्च्युअल मशीनच. नागपूरच्या मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आहेत; तिथे काय आणि पुण्याच्या हिंजवडीत काय, कामावर गेलेल्या मुलाला पहिल्याच आठवड्यात 'सर्व्हर बाहेर बोलत नाही' अशी तक्रार मिळणार. तिथेही पत्ता, गेटवे, वाट, डीएनएस, फायरवॉल हेच प्रश्न हाच क्रम धरून येतात. फरक इतकाच, की तिथे मशीन उडवून पुन्हा टाकायला परवानगी नसते, कारण त्यावर लोकांचा व्यवहार चालू असतो.

दुसरा आक्षेप नवा आहे : आता एआयला विचारले की झाले. विचारा, जरूर विचारा. पण 'व्हीएममध्ये नेट नाही' एवढेच विचारले तर तिथूनही दहा शक्यता मिळतील आणि मुलगा दहाही आज्ञा एकामागून एक चिकटवेल. पहिल्या आज्ञेने जे बिघडले ते दहाव्या आज्ञेपर्यंत कळणार नाही. 'पत्ता १०.०.२.१५ आहे, गेटवेला पिंग जाते, ८.८.८.८ ला जाते, नावाला जात नाही' असे विचारणाऱ्याला नेमके उत्तर मिळते. आधी मोजमाप करावेच लागते, आणि ते आपल्यासाठी दुसरे कुणी करत नाही.

म्हणून माझ्या मागण्या सरळ आहेत आणि त्यांपैकी एकीलाही वेगळे अनुदान लागत नाही. प्रात्यक्षिक परीक्षेत मुलाला चालू मशीन देऊ नका, बिघडवलेले द्या. एकाची केबलची खूण काढा, दुसऱ्याची बाहेरची वाट पुसा, तिसऱ्याचा डीएनएस चुकवा, चौथ्याचे घड्याळ मागे न्या. दुरुस्त झाले नाही तरी चालेल. कुठे अडले आणि ते कशावरून ठरवले, हे लिहिणाऱ्याला पूर्ण गुण द्या. एक्स्टर्नल परीक्षकांनी 'थरांची नावे सांगा' विचारणे बंद करावे आणि 'तुझ्या मशीनला पत्ता कुणी दिला' हे विचारावे. प्रत्येक प्रयोगशाळेच्या भिंतीवर त्या नेटवर्कची माहिती लावा : प्रॉक्सी आहे का, बाहेरचा डीएनएस चालतो का, पिंग अडवले आहे का, ब्रिज्डला परवानगी आहे का. प्रयोगवही दरवर्षी तपासा आणि समजावणी मराठीतही द्या. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्सचे धडे मराठीतून देऊन हे करता येते हे केव्हाच दाखवले आहे. इंग्रजीची भीती हे बिघाड न शिकवण्याचे कारण होऊ शकत नाही.

आणि मुलांनो, तुम्ही परीक्षा बदलण्याची वाट पाहू नका. नेट बंद पडले की हात मशीन उडवण्याकडे जाऊ देऊ नका. पडद्यावरचा संदेश शेवटपर्यंत वाचा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय बदलले ते वहीत लिहा. मदत मागायला याल तेव्हा पाच उत्तरे घेऊन या : लॅपटॉपवर नेट आहे का, आतला पत्ता काय, गेटवे उत्तर देतो का, आकडी पत्ता उत्तर देतो का, नाव उलगडते का. ही पाच उत्तरे लिहायला बसाल तेव्हा बहुतेक वेळा बिघाड तुमचा तुम्हालाच सापडेल, आणि ज्याला आपला बिघाड स्वतः शोधता येतो त्यालाच अभियंता म्हणवून घेण्याचा अधिकार आहे.